खुंटी

ऑक्टोबर सरत आला तरी अल-ऐनमध्ये
रात्री आठला बाटलीतलं पाणी
तसंच चहाला टाकावं इतकं कोमट.
झाखिरचं तळं समोर.
शहरानं वापरून झालेलं, गाळून सोडलेलं पाणी,
त्याला कुठून कळलं कोण जाणे
लांब पायांचे पक्षी येऊन उभे राहतात.

तंबू नवा. एकशे एकोणचाळीस दिरहम.
पिशवीवर बर्फाचे डोंगर छापलेले.
चौथ्यांदा खुंटी निघून आली
आणि शलाका म्हणाली,
"बाबा, तुम्हाला तंबू लावता येत नाही?"

मी म्हणालो, नाही.

येतो.
दुसरं काही यायच्या आधी तेवढंच येत होतं.
मुरमात, काळ्या मातीत, गावाच्या खालच्या अंगाला,
पाटील जिथं बोट दाखवील तिथं
दोन मेढी, एक आडवं, वर गोणपाट.
आई भात्यापाशी, बाप ऐरणीपाशी,
मी दगडानं खुंट्या ठोकायचो.
शाळेच्या अर्जावर पत्त्याच्या रकान्यात
मास्तरांनी बराच वेळ टाक धरून ठेवला,
मग लिहिलं : तळ्याजवळ.

जयमालाला हे माहीत आहे.
शलाकाला मी सांगितलंय की आजोबांचं वर्कशॉप होतं.
खोटं नाही तसं.
मी स्वतः इथं डक्ट करतो. पत्रा कापतो, वाकवतो,
लोकांच्या छतावरून गारवा जातो ते पोकळ चौकोन.

शेजारी पांढरी कॅरव्हान.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात,
या विंचवाकडे जनरेटर होता, पडदे होते,
दाराबाहेर गालिचा, आणि डोक्यावर एसी,
जो साडेनऊला गुरगुरला आणि बसला.

माझ्या टी-शर्टावर कंपनीचं नाव.
खलफान ते वाचून आला. "सदीक, तुम एसी का आदमी?"
मी फक्त पत्र्याचा आदमी, तरी चढलो शिडीवर,
मोबाईल दातात धरून झाकण उघडलं.
कपॅसिटर फुगलेला, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा.
"आज नहीं होगा. कल सनाईया से लाना."
तो पैसे देत होता. कशाचे घेऊ?

मग त्याची आई उतरली,
एका पायरीवर थांबत, दुसरीवर थांबत,
तोंडावर बत्तूला, हातात काठी.
एसीकडे तिनं पाहिलंच नाही.
माझ्या तंबूकडे पाहिलं आणि हसली,
खांदे हलेपर्यंत.

काठी शलाकाच्या हातात दिली.
खाली बसून कोपरापर्यंत वाळू उकरली,
खुंटी ठेवली आडवी, मधोमध दोरी बांधून,
वर आमच्याच किराण्याची पिशवी, वाळूनं भरलेली,
पुन्हा वाळू, आणि टाचेनं तीनदा.
ओढ, म्हणाली. मी ओढलं.
तळं सरकलं असतं, खुंटी नाही.

मुरमाची विद्या वाळूत चालत नाही
हे मला या वयात कळलं.

ती काहीतरी बोलली, लांबलचक.
खलफाननं तेवढंच केलं :
"अम्मा बोलता है, वो ऐसे तंबू में पैदा हुआ.
बकरी के बाल का तंबू."
आणि ती मान ताठ करून उभी,
लेकानं तिचं जुनं सोनं
चारचौघांत काढून दाखवावं तशी.

"मीपण," मी म्हणालो.
मराठीत निघालं तोंडातून.
खलफानला कळलं नाही, त्याच्या आईला कळलं नाही.
जयमालानं हातातला कांदा तसाच ठेवला.

"कशात?" शलाकानं विचारलं.
"पालात."
"पाल म्हणजे भिंतीवरची?"
"नाही गं. असंच. गोणपाटाचं."
"एसी होता?"
"नाही."
"मग?"

मग काय.
अजून पाच खुंट्या होत्या.
मी म्हणालो, पिशवीचं तोंड धर नीट,
मोठं उघड.